सात दिवसांचा रस की रोजची उसळ-भाकरी? लिव्हर नेमकं कशावर चालतं

प्रश्न थोडक्यात असा आहे : "मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहते. वय ३८, वजन ६५ किलो. गणपतीपासून दिवाळीपर्यंत गोडधोड, फराळ, बाहेरचं खाणं भरपूर झालं. पोट गच्च वाटतं, हनुवटीवर पुरळ उठलंय. ऑफिसमधल्या मैत्रिणीने सात दिवसांचं डिटॉक्स केलं. दिवसभर फक्त भाज्या-फळांचे रस, सोबत हळदीच्या अर्काच्या आणि ग्रीन टीच्या कॅप्सूल. तिचं दोन किलो वजन उतरलं. मी करू का? सासूबाई म्हणतात, मीही करते. त्या ६४ वर्षांच्या आहेत, डायबेटिसच्या आणि बीपीच्या गोळ्या चालू आहेत. आणि लिव्हर साफ राहायला खरोखर कोणते अन्नघटक लागतात?"

आधी सासूबाईंचं सांगते, कारण ते घाईचं आहे. त्यांना हे अजिबात करू देऊ नका. डायबेटिसची गोळी पोटात आणि जेवण बंद, अशाने साखर झपकन खाली जाऊ शकते. मी नौपाड्यात बावीस वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. रसाच्या उपवासाच्या तिसऱ्या दिवशी पहाटे घामाघूम होऊन बरळायला लागलेल्या एका बाईंच्या मुलाचा फोन मी घेतलेला आहे. गोळी ग्लिमेपिराइडची होती आणि रात्री पोटात गेला होता फक्त काकडी-पुदिन्याचा रस. साखर ४८ निघाली. बाई शुद्धीत होत्या, गिळू शकत होत्या, मुलाने लगेच साखरेचं पाणी पाजलं म्हणून निभावलं. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. सासूबाईंबद्दल आणखीही सांगायचंय, पण ते शेवटी.

आता तुमचं. तुम्ही 'लिव्हर साफ' म्हणालात. सगळे तसंच म्हणतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. लिव्हर म्हणजे स्वयंपाकघरातल्या चिमणीची जाळी नव्हे, की वर्षभर चिकटा साचला आणि दिवाळीला घासून काढला. आलेल्या पदार्थाचं रूप बदलून त्याला बाहेरच्या वाटेला लावणं हे त्याचं काम, आणि ते रात्रंदिवस चालू असतं. सव्वा ते दीड किलोचा हा अवयव. मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त त्यातून जातं आणि त्यातलं जवळजवळ पाऊण रक्त थेट आतड्यांकडून आलेलं असतं. तुम्ही खाल्लेलं बहुतेक सगळं अंगभर पसरण्याआधी इथे तपासलं जातं. चरबीचा बराचसा भाग तेवढा लसिकावाहिन्यांच्या वेगळ्या वाटेने जातो.

हे काम कसं होतं ते एका साध्या गोळीवरून बघा. अंग दुखतंय म्हणून तुम्ही पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची गोळी घेतलीत. तिचा बहुतेक भाग लिव्हर दोन पद्धतींनी बांधतं, काही रेणूंना ग्लुकुरोनिक आम्लाची जोड देऊन, काहींना सल्फेटची. जोड लागली की औषध पाण्यात सहज विरघळतं आणि लघवीवाटे निघून जातं. थोडासा भाग मात्र दुसऱ्या वाटेने जातो. सायटोक्रोम पी-४५० नावाचं एन्झाइमांचं मोठं कुटुंब आहे, ते या भागाचं रूपांतर एनएपीक्यूआय नावाच्या पदार्थात करतं. हा पदार्थ विषारी आहे, लिव्हरच्या पेशी मारू शकतो. तरी एका गोळीने आपल्याला काही होत नाही, कारण ग्लुटाथायोन नावाचा छोटा रेणू तिथल्या तिथे त्याला धरतो आणि निरुपद्रवी करून टाकतो.

ग्लुटाथायोन लिव्हर स्वतः बनवतं, तीन अमायनो आम्लं जोडून : ग्लुटामेट, सिस्टीन आणि ग्लायसिन. तिन्ही प्रथिनांमधली. त्यातलं गंधकयुक्त सिस्टीन बहुतेक वेळा कमी पडतं. जो माणूस उपाशी आहे, कुपोषित आहे किंवा रोज पितो, त्याच्याकडे ग्लुटाथायोनचा साठा तुटपुंजा असतो, म्हणून त्याच्यासाठी पॅरासिटामॉलची सुरक्षित मर्यादाही खाली येते. चुकून फार गोळ्या खाल्लेल्या रुग्णाला हॉस्पिटलमध्ये जो उतारा देतात त्याचं नाव एन-असिटिल-सिस्टीन. म्हणजे सिस्टीनच, वेगळ्या रूपात. लिव्हरला वाचवायचं तर डॉक्टर त्याच्या हातात कच्चा माल देतात. तुमच्या मैत्रिणीने सात दिवस नेमका हाच कच्चा माल बंद केला होता, म्हणून मला या रसाच्या उपवासांची काळजी वाटते.

कामाच्या या दोन पायऱ्या नीट लक्षात ठेवा. पहिल्या पायरीत, सायटोक्रोम पी-४५० च्या कामात, पदार्थाला 'हात' फुटतात, दुसरीत त्या हाताला ग्लुकुरोनिक आम्ल, सल्फेट किंवा ग्लुटाथायोनसारखी जोड बांधली जाते. पहिली पायरी झाल्यावर पदार्थ कधीकधी मूळपेक्षा जास्त घातक होतो. आपल्या कोकणपट्टीच्या पावसाळ्यात याचं उदाहरण घरोघरी असतं. दमट हवेत ठेवलेल्या शेंगदाण्यांवर बुरशी येते, तिच्यातून अफ्लाटॉक्सिन तयार होतं आणि लिव्हरच्या पहिल्या पायरीवर त्याचं जे रूप होतं ते पेशीतल्या डीएनएला चिकटतं. दुसऱ्या पायरीने वेळेत पकडलं तर सुटका. बुरशी लागलेले, कडवट, काळपट दाणे निवडून टाका, भाजून खाऊ नका. भाजल्याने अफ्लाटॉक्सिन पुरतं जात नाही. पावसाळ्यात दाणे पावशेरापेक्षा जास्त आणूच नयेत, आणले तर फ्रीजमध्ये ठेवावेत. डिटॉक्सचं हे सगळ्यात स्वस्त काम, पण याची जाहिरात कोणी करत नाही.

दुसऱ्या पायरीचा इतिहासही जुना आहे. १८४२ मध्ये जर्मनीत विल्हेल्म केलर यांनी स्वतः बेंझोइक आम्ल घेऊन पुढे आपली लघवी तपासली, तेव्हा तिच्यात हिप्युरिक आम्ल सापडलं. शरीराने बेंझोइक आम्लाला ग्लायसिन बांधून बाहेर काढलं होतं. आज बाटलीतल्या लोणच्यात, सॉसमध्ये, सरबतात सोडियम बेंझोएट असतं. त्याची वाट आपलं लिव्हर तशीच लावतं, ग्लायसिनचा एकेक रेणू खर्च करून. एवढ्यावरून लोणच्याला घाबरू नका. शरीराला हे झेपतं, फक्त जेवणात प्रथिनं असायला हवीत.

मग किती प्रथिनं? आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, २०२० मध्ये मोठ्या माणसासाठी दिलेलं प्रमाण आहे वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम. तुमचं वजन ६५, म्हणजे दिवसाला ५४ ग्रॅम. सहा ग्लास रसातून जेमतेम दहा ग्रॅम मिळतील. आमच्या मध्यमवर्गीय मराठी घरांत रस न पिताही हा आकडा गाठला जात नाही, हे मी रोज बघते. सकाळी चहा-बिस्किट, मग पोहे, डब्यात तीन पोळ्या आणि बटाट्याची भाजी, संध्याकाळी पुन्हा चहा आणि खारी, रात्री भात आणि पातळ वरण. हिशोब केला की तिशीच्या आसपासच अडकतो. आणि बाई सांगते, "मॅडम, मी तर सगळं घरचंच खाते."

घरचंच खा, फक्त माप बदला. सकाळी मुगाची दोन धिरडी, ४० ग्रॅम मूग धरले तर नऊ-दहा ग्रॅम प्रथिनं. दुपारी ज्वारीच्या दोन भाकऱ्या, साधारण आठ. ३० ग्रॅम मटकीची उसळ, सात. वाटीभर दही, तीन. चार वाजता मूठभर फुटाणे किंवा शेंगदाणे, सहा. रात्री भाताबरोबर ३० ग्रॅम तुरीचं दाट वरण, डाळीचे सात आणि भाताचे चार. झोपताना किंवा सकाळी कपभर दूध, सहा. भाज्यांमधून तीन-चार मिळतातच. झाले चोपन्न. अंडी, मासे खात असाल तर आणखी सोपं, दोन अंड्यांत बारा ग्रॅम, शंभर ग्रॅम बांगड्यात वीसच्या जवळपास. मासे घेताना मांदेली, बोंबील, तारली असे छोटे जास्त घ्या. मोरीसारख्या मोठ्या शिकारी माशांत पारा साठत जातो.

डाळींमध्ये गंधकयुक्त अमायनो आम्लं कमी असतात, धान्यांत आणि तिळात ती बरी असतात. म्हणून वरण-भात, उसळ-भाकरी या जोड्या शरीराला पुऱ्या पडतात आणि संक्रांतीपुरता डब्यातून बाहेर येणारा तीळ वर्षभर खावा असं मी सगळ्यांना सांगते. भाकरीबरोबर तिळाची किंवा तीळ-लसणाची चटणी, रोज दोन चमचे. पुष्कळ काम होतं.

आता दुसरी वाट, पित्ताची. सगळ्याच गोष्टी लघवीतून जात नाहीत. मोठे रेणू, वापरून झालेली इस्ट्रोजेनसारखी हॉर्मोन्स, बिलिरुबिन, हे पित्तातून आतड्यात सोडलं जातं. इथे एक अडचण आहे. आतड्यातले काही जिवाणू लिव्हरने बांधलेली गाठ सोडतात आणि सुटलेला पदार्थ पुन्हा रक्तात शिरतो. पित्ताम्लांचंही तसंच, सुमारे ९५ टक्के परत शोषली जातात. पोट तुंबलेलं असेल तर परतीचा हा फेरा वाढतो. चोथा असेल तर काही माल त्याला चिकटून बाहेर जातो, शौचाला वेळेवर होतं आणि चांगल्या जिवाणूंनाही खाणं मिळतं. रस काढताना आपण काय फेकतो? चोथा. गाजर, बीट, सफरचंद मिक्सरमधून काढून गाळणीवर राहिलेला तो केशरी लगदा कचऱ्याच्या डब्यात जातो आणि साखर ग्लासात उरते. ज्या पोटासाठी तुम्ही हे करणार, त्याच्या कामाचं तुम्ही ओट्यावरच टाकून देता.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या आहार मार्गदर्शनात दोन हजार कॅलरीच्या ताटाला ४०० ग्रॅम भाजी आणि १०० ग्रॅम फळ सांगितलंय. ४०० ग्रॅम म्हणजे किती ते एकदा काट्यावर बघाच. आपल्या डब्यातली भाजी ऐंशी-नव्वद ग्रॅमची असते. मी पेशंटना सांगते, जांभळीनाक्याच्या बाजारातून येताना चौघांच्या घराला रोज दीड किलो भाजी घरी आली पाहिजे. ऐकून लोक चकित होतात.

भाज्यांत मी कोबी, फ्लॉवर, नवलकोल, मुळा, मोहरीचा पाला यांना वेगळा मान देते, आणि याचं कारण तुम्ही जिभेवर ओळखू शकता. कोवळा मुळा किसलात की नाकात जी झणक जाते, फेसलेल्या मोहरीने डोळ्यात पाणी येतं, तिथे गंधकाची संयुगं तयार होत असतात. भाजी अखंड असते तेव्हा मूळ पदार्थ एका जागी आणि मायरोसिनेज नावाचं एन्झाइम दुसऱ्या जागी असतं. चिरलं, किसलं, चावलं की दोन्ही एकत्र येतात आणि आयसोथायोसायनेट बनतं. यातलं सगळ्यात अभ्यासलेलं संयुग सल्फोराफेन. ते पेशीला इशारा देऊन दुसऱ्या पायरीची एन्झाइमं वाढवायला लावतं. म्हणजे हा नुसता कच्चा माल नव्हे, तो कामाला जास्तीची माणसं लावतो.

चीनमध्ये चिदोंग भागात, हवा खराब असलेल्या ठिकाणी, सुमारे तीनशे लोकांना बारा आठवडे ब्रोकोलीच्या मोडांचं पेय देऊन बघितलं होतं. २०१४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. पेय घेणाऱ्यांच्या लघवीतून बेंझीनचं निरुपद्रवी केलेलं रूप ६१ टक्के जास्त बाहेर पडत होतं. बेंझीन गाड्यांच्या धुरात असतं. घोडबंदर रोडला कंटेनरच्या रांगांशेजारी राहणाऱ्यांना किंवा ठाणे-बेलापूर रस्त्याने रोज कामावर जाणाऱ्यांना मी हा अभ्यास मुद्दाम सांगते. ते पेय दाट होतं, आपल्या कोबीच्या वाटीत सल्फोराफेन त्यापेक्षा खूप कमी, म्हणून तेवढा आकडा भाजीकडून अपेक्षू नका. पण दिशा तीच आहे.

तर करायचं काय : कोबी बारीक चिरा आणि लगेच कढईत न टाकता अर्धा तास तशीच राहू द्या. तेवढ्यात एन्झाइमचं काम होऊन जातं, मग शिजवली तरी बरंचसं उरतं. आधी उकळलीत तर एन्झाइम मरतं. शिजवलेल्या भाजीवर कच्ची मोहरीची पूड किंवा फेसलेली मोहरी घातली तरी चालतं, कारण मोहरीत तेच एन्झाइम भरपूर असतं. फोडणीत तडतडलेली मोहरी मात्र या कामाची नाही. आपल्या आज्या काकडीच्या, केळ्याच्या रायत्यात मोहरी फेसून घालायच्या. तो प्रकार आठवड्यातून दोनदा घरात परत आणा. थायरॉइडची गोळी चालू असेल तरी शिजवलेल्या कोबीची काळजी करायचं कारण नाही, फक्त कच्च्या कोबीचा रस रोज ग्लासभर पिऊ नका.

रानभाज्यांचंही असंच. पावसाळा सुरू झाला की येऊरच्या आदिवासी बायका टोपल्या घेऊन खाली येतात, शेवळं, टाकळा, कुर्डू, कंटोळी, भारंगी. जरूर घ्या, पण करायची पद्धत त्यांनाच विचारून घ्या. शेवळ्यात खाज आणणारे ऑक्झलेटचे स्फटिक असतात, म्हणून ती काकडं (आंबट रानफळं) घालून नाहीतर चिंचेत शिजवतात. अळूत चिंच घालायचं कारणही तेच. विषारी अंश ताटात येण्याआधीच काढणं, ही विद्या आपल्या स्वयंपाकघरात आहे.

जीवनसत्त्वांचं फार लांबवत नाही. दोनच गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. पहिली, फोलेट आणि बी-१२. लिव्हर काही पदार्थांना मिथाइल गटाची जोड देतं आणि त्यासाठी ही दोन लागतात. आर्सेनिक हे त्यातलं ठळक उदाहरण. बांगलादेशात विहिरीच्या पाण्यातून आर्सेनिक जाणाऱ्या, फोलेट कमी असलेल्या लोकांना बारा आठवडे रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल दिलं तर रक्तातलं आर्सेनिक कमी झालं. आपल्याकडे पालेभाजी, चवळी, हरभरा यांतून फोलेट मिळतं, पण शुद्ध शाकाहारी घरांत बी-१२ हमखास कमी निघतं. एकदा तपासून घ्या. दुसरी, लोह. आतड्यात शिसं आणि लोह एकाच दारातून आत येतात. लोह कमी असेल तर शरीर ते दार जास्त उघडतं आणि शिसंही जास्त शिरतं. तुमचं हिमोग्लोबिन नऊवर असेल तर कुठल्याही रसाआधी ते दुरुस्त करा. आणि सुटी, डोळे दिपवणारी पिवळीजर्द हळद घेऊ नका. हळकुंडाला रंग चढवायला लेड क्रोमेट लावल्याचे प्रकार बांगलादेशात आणि आपल्या देशातही उघड झालेत. रंग न चढवलेली, फिकट हळकुंडं आणून गिरणीतून दळून घेणं उत्तम.

हळदीवरून त्या कॅप्सूलकडे येते. इथे मी कडक आहे. हळद भाजीत चिमूटभर घातली तर काही बिघडत नाही. अर्काच्या कॅप्सूलमध्ये मात्र अनेकदा मिऱ्यातलं पायपरिन घातलेलं असतं, कारण त्याशिवाय करक्युमिन, म्हणजे हळदीतलं मुख्य द्रव्य, रक्तात फारसं टिकत नाही. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमध्ये १९९८ साली दाखवलं गेलं की २० मिलिग्रॅम पायपरिन सोबत दिलं तर माणसात करक्युमिनचं प्रमाण वीस पट वाढतं. ते कसं वाढतं? पायपरिन आतड्यातलं आणि लिव्हरमधलं ग्लुकुरोनिक आम्लाची जोड लावण्याचं काम मंदावतं. म्हणजे डिटॉक्सच्या नावाने विकलेली कॅप्सूल डिटॉक्सची दुसरी पायरीच अडवते, आणि त्याच वेळी घेतलेली इतर औषधंही रक्तात जास्त राहू शकतात. अशा कॅप्सूलनंतर कावीळ झालेल्या रुग्णांच्या नोंदी अमेरिकेत आणि इतरत्र झाल्या आहेत. ग्रीन टीच्या अर्काचं तसंच. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं की पूरक गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम आणि त्याहून जास्त ईजीसीजी, म्हणजे ग्रीन टीतलं मुख्य द्रव्य, घेतलं तर रक्तात लिव्हरची एन्झाइमं वाढलेली दिसतात, ही लिव्हरला इजा होत असल्याची खूण. कपातला चहा प्या, अर्काची कॅप्सूल नको. मैत्रिणीलाही सांगा, अजून घेत असेल तर थांबव आणि एसजीपीटी ही लिव्हरची रक्ततपासणी करून घे.

रसांमधल्या दोन रसांबद्दल तर हात जोडून सांगते. दुधीचा रस कडू लागला तर एक घोटही पुढे घेऊ नका. कडू दुधीत कुकुरबिटासिन असतं, त्याने रक्ताच्या उलट्या होऊन माणसं दगावली आहेत. आयसीएमआरने त्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली होती आणि 'कडू लागला की टाकून द्या' हाच तिचा सल्ला होता. औषध म्हणजे कडूच असायचं, ही आपली समजूत इथे जिवावर बेतते. दुसरा पालकाचा. जुडीच्या जुड्या कच्च्या वाटून रोज प्यायलं तर एवढं ऑक्झलेट एकदम किडनीवर येतं की ती बंद पडू शकते, अशा रुग्णांची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. तोच पालक उकळून, पाणी ओतून, डाळीत घालून खाल्ला तर काहीच त्रास नाही.

मैत्रिणीचे दोन किलो कुठून गेले तेही सांगते, म्हणजे मनात रुखरुख राहणार नाही. शरीरात लिव्हर आणि स्नायू मिळून चारपाचशे ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, असतं, आणि प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. जेवण बंद केलं की दोन-तीन दिवसांत यातलं बरंचसं जातं, काटा दोन किलोपर्यंत खाली येतो. पहिली नीट जेवणं सुरू झाली की परत. शिवाय फार झटपट चरबी उतरवली तर चरबीत वर्षानुवर्षं साठलेली डीडीटीसारखी कीटकनाशकं रक्तात उतरतात, म्हणून मी महिन्याला दोन किलोच्या वर कोणाचं वजन उतरवायला जात नाही.

तुमचं गच्च पोट बहुतेक मैदा, मीठ, तळण आणि कमी पाण्याचं आहे. पाण्यावर थोडं बोलते, कारण ठाण्याच्या बायकांचं हे खास दुखणं आहे. ८.०५ ची लोकल पकडून सीएसएमटीला जाणाऱ्या कितीतरी जणी सकाळपासून पाणीच पीत नाहीत, वाटेत स्वच्छ बाथरूम नसतं म्हणून. किडनी दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळते आणि त्यातलं बहुतेक सगळं परत शोषून दीड-दोन लिटर लघवी बनवते. तिला पाणीच नाही मिळालं तर लघवी दाट होते, जळजळ, इन्फेक्शन, पुढे खडे. ऑफिसला पोहोचल्यावर पहिल्या तासात दोन ग्लास, जेवणाआधी एक, तीन वाजता दोन, निघायच्या तासभर आधी थांबा. लघवी फिकट पिवळी दिसली की पुरेसं आहे. हनुवटीवरचं पुरळ 'टॉक्सिन'चं नसतं, ते बहुतेक हॉर्मोनचं. पाळी लांबत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.

लिव्हरला खरा धोका असतो तो कमरेच्या घेराचा आणि दारूचा. फॅटी लिव्हर आज इतकं दिसतं की केंद्र सरकारने २०२१ मध्ये ते असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतलं. सोनोग्राफीत ते निघालं असेल तर वजनाच्या सात ते दहा टक्के उतरवल्याने लिव्हरची सूज कमी होते. तुमच्यासाठी म्हणजे पाच-सहा किलो, तीन-चार महिन्यांत. बाटलीतली सरबतं, कोल्ड्रिंक आणि पाकिटातले ज्यूस बंद, कारण त्यातल्या जास्तीच्या फ्रुक्टोजची (फळसाखरेची) लिव्हर चरबी करतं. बिनसाखरेची कॉफी दिवसाला दोन कप चालेल, लिव्हरसाठी ती चांगलीच आहे. डोळे पिवळे दिसणं, लघवी चहासारखी होणं, अंगाला खाज, पायावर सूज, यातलं काहीही असेल तर माझ्याकडे येऊ नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

आता सासूबाई. त्यांच्या गोळ्यांच्या पट्ट्या समोर घेऊन बसा. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड असेल तर जेवण चुकवायचं नाही, एकादशीलासुद्धा डॉक्टरांना विचारूनच. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर उपाशी राहिल्याने रक्तात आम्ल वाढण्याचा धोका आहे, आणि तेव्हा ग्लुकोमीटरवर साखर फारशी वाढलेलीही दिसत नाही. बीपीची गोळी टेल्मिसार्टनसारखी असेल आणि किडनी थोडी जरी अशक्त असेल तर नारळपाणी, पालेभाज्यांचे रस, संत्र्याचा रस यांतलं पोटॅशियम साचून हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो. कोलेस्टेरॉलसाठी अटोर्व्हास्टॅटिन घेत असतील तर ग्रेपफ्रूट टाळा, आणि पपनसही नको. ही फळं पहिल्या पायरीचं एक एन्झाइम अडवतात आणि औषध रक्तात साचतं.

त्यांचे क्रिएटिनिन, पोटॅशियम, एसजीपीटी आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) गेल्या सहा महिन्यांत झाले नसतील तर आधी ते करून घ्या आणि रिपोर्ट त्यांच्या डॉक्टरांना दाखवा. तोवर त्यांना काहीतरी करायचंच असेल, आणि त्यांचा हुरूप मोडू नये असं मलाही वाटतं, तर संध्याकाळची खारी बंद करून त्या जागी मुगाचं दाट कढण द्या, आणि दुपारच्या पानात कोवळ्या मुळ्याची दही घातलेली कोशिंबीर. मुळा त्यांनाच किसू दे.